टूल कोणतं ते मागाहून, आधी कोरे तक्ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोवंडी-मानखुर्द भागातल्या महापालिकेच्या सहा शाळांत एक छोटी संस्था तिसरी-चौथीतल्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी वर्ग चालवते. साधारण २४० मुलं, वर्ग घेणाऱ्या आठ ताया, दोन वर्षं झाली. आता फंडरने, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेने, मार्चअखेर ‘इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन’, म्हणजे कामाच्या परिणामाचं मूल्यमापन, मागितलंय. टीम पाच जणांची. दोघी फील्डवर, एक जण ठाण्याहून, एक डोंबिवलीहून आणि एक जण पुण्याहून काम करते. माहिती काही गुगल फॉर्ममध्ये, काही एक्सेलमध्ये, बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि विचारलंय ते हे: ‘मोफत असेल, मराठीत चालेल आणि सगळ्यांना ऑनलाइन एकत्र वापरता येईल असं एकच टूल सुचवा.’

असं एकच टूल नाही, आणि असतं तरी तुमची अडचण त्याने सुटली नसती. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. आमच्या वर्गांमुळे मुलं वाचायला लागली असं आम्ही कशाच्या जोरावर म्हणायचं, हा एक. पाच ठिकाणी बसलेल्या पाच माणसांनी एकाच माहितीवर गोंधळ न घालता काम कसं करायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही. दुसऱ्याचं अर्धंमुर्धं देतं, उरलेलं तुमच्या शिस्तीवर आहे. मी हे मूल्यमापनाचं काम वीसेक वर्षं करतेय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही आधी सॉफ्टवेअर शोधायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी फंडरला फोन करा. ईमेल नको, फोनच. ‘इम्पॅक्ट’ हा शब्द आपल्या क्षेत्रात फार सैल वापरला जातो. कुणाला त्यातून किती मुलं, किती वर्ग, किती खर्च एवढंच हवं असतं. कुणाला सुरुवातीची आणि शेवटची स्थिती शेजारी शेजारी मांडून हवी असते. अगदी मोजक्यांना खरोखर ‘हे वर्ग नसते तर काय झालं असतं’ हे हवं असतं. पैसा कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने घातलेल्या सामाजिक खर्चातून, येत असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. २०२१ च्या जानेवारीत बदललेल्या नियमांनुसार, ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं इम्पॅक्ट असेसमेंट स्वतंत्र एजन्सीकडून करून घ्यावं लागतं, आणि तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटल्यावर. तुमचा प्रकल्प चालू आहे आणि तुम्ही सांगितलेल्या आकारावरून १ कोटीच्या आसपासही नसणार. म्हणजे ही बहुधा कायद्याची सक्ती नाही, पलीकडच्या मॅनेजरला वर दाखवायला काहीतरी हवंय. त्यांना सरळ विचारा: हा अहवाल वाचून तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात, आणि कोणत्या महिन्यात? ‘पुढच्या वर्षी आणखी चार शाळा द्यायच्या की नाही’ असं उत्तर आलं तर तुमचं निम्मं काम झालं. ‘बोर्डापुढे ठेवायचाय’ असं आलं तर ताण थोडा कमी करा आणि अहवाल स्वतःसाठी लिहा.

आता कोरे तक्ते. फोन झाल्यावर, फॉर्म उघडायच्या आधी, पाचही जण एका दुपारी एकत्र बसा. पुण्याच्या ताईंना व्हिडिओवर घ्या. मोठ्या कागदावर अहवालातले तक्ते काढा, पण आकडे न भरता. शीर्षक, ओळी, रकाने, सगळं, फक्त चौकटी रिकाम्या. उदाहरणार्थ, डावीकडे वाचनाचे स्तर, वर जुलै आणि मार्च. दुसऱ्या तक्त्यात तेच शाळेनुसार. तिसऱ्यात वर्गातल्या हजेरीनुसार. प्रत्येक तक्त्याखाली एक वाक्य लिहा: ‘इथे अमुक दिसलं तर आपण तमुक करू.’ ज्या तक्त्याखाली हे वाक्य सुचत नाही तो तक्ता काढून टाका.

ही सवय मला एका फजितीने लागली. गोवंडीतल्या शिवाजीनगरमध्ये आम्ही पालकांचा एक सर्व्हे केला होता, कागदावर. ६२ प्रश्न. घरात टीव्ही आहे का, पाणी किती वाजता येतं, आईचं शिक्षण, वडिलांचं गाव. रोड नंबर आणि प्लॉट नंबर शोधत ताया उन्हातून फिरल्या, भरलेले फॉर्म गोणीतून ऑफिसात आले, दोन महिने डेटा एन्ट्री चालली. अहवालात त्यातले नऊ प्रश्न वापरले गेले. बाकीचे ५३ ज्या बायांनी कामधंदा टाकून सांगितले त्यांचा वेळ आम्ही फुकट घालवला, आणि हे मला अजून टोचतं. कोरे तक्ते आधी काढले असते तर फॉर्म एका पानाचा झाला असता.

तुमचे तक्ते काढताना एक रकाना तुम्हाला आपोआप छळायला लागेल: ‘ज्यांना वर्ग मिळाला नाही ती मुलं.’ तुमचं खरं दुखणं इथे आहे. मुलं नुसती मोठी होतात म्हणूनही वाचायला शिकतात. शाळेतल्या बाईसुद्धा शिकवत असतात. आणि तिसरी गोष्ट जी बहुतेक संस्थांच्या ध्यानात येत नाही: जुलैच्या चाचणीत सगळ्यात खाली राहिलेली मुलंच तुम्ही निवडलीत. त्यातली बरीचशी खरंच मागे होती. पण एखाद्याला त्या दिवशी ताप होता, एखादी रात्री घरात पाणी शिरलं म्हणून झोपली नव्हती. पुन्हा चाचणी घेतली की ही दुसऱ्या प्रकारची मुलं तुम्ही काहीही न शिकवता वर येतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश संशोधकाने आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं. त्यामुळे ‘जुलैत इतकी, मार्चमध्ये तितकी’ एवढ्यावर ‘आमच्यामुळे’ हा शब्द लावता येत नाही.

याला मुंबईतच सापडलेलं एक सुंदर उत्तर आहे आणि तुमच्या कामाला ते अगदी चपखल बसतं. ‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकात याच शहरात सुरू झाली. तिच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतलीच एक तरुण मुलगी महापालिका शाळेतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन शिकवायची. म्हणजे तुमचाच वर्ग. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचं मूल्यमापन झालं. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी ते केलं आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातली युक्ती बघा. कुठल्याच शाळेला ‘तुम्हाला बालसखी नाही’ असं सांगितलं नाही. काही शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी मिळाली, काहींना दुसऱ्या इयत्तेसाठी, आणि कुणाला कोणती हे नशिबावर सोडलं. मग एका गटातल्या तिसरीची तुलना दुसऱ्या गटातल्या तिसरीशी करता येते. मुख्याध्यापक नाराज नाहीत, आणि तुलनाही मिळाली. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाइतका फरक दिसला (प्रमाण विचलन म्हणजे मुलांच्या गुणांत एरवी किती चढउतार असतो त्याचं माप). फायदा झाला तो मुख्यतः ज्यांना बालसखीकडे पाठवलं त्या मुलांचा. आणि हेही सांगायला हवं की कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला बराच फायदा ओसरला, ०.१ च्या आसपास उरला. तुमच्या फंडरला हा शेवटचा आकडा आवडणार नाही, पण तो सांगणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते.

तुम्ही तिसरी आणि चौथी दोन्हींत काम करता. म्हणजे येत्या जूनमध्ये हे सहज जमेल: सहा शाळांच्या चिठ्ठ्या मुख्याध्यापकांसमोर टाका, तीन शाळांत तिसरी, तीन शाळांत चौथी. पुढच्या वर्षी उलट करा. पण या मार्चसाठी ती गाडी सुटली आहे. ‘मागे जाऊन कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी वर्ग न मिळालेल्या मुलांचा गट) तयार करता येईल का’ असं तुम्ही विचारलंय, ते वरातीमागून घोडं. त्यातल्या त्यात काय करता येईल? जूनपासून ज्या नव्या शाळांत जायचा विचार आहे त्यातल्या एक-दोन शाळांतल्या तिसरी-चौथीची वाचनचाचणी जानेवारीत आणि मार्चमध्ये घ्या, तुमच्या मुलांचीही त्याच दिवसांत घ्या. दोन महिन्यांत कोण किती हललं याची ढोबळ तुलना मिळेल. शिवाय त्या शाळांची पुढच्या वर्षाची बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी, आयती हातात येईल.

नियमित येणारी मुलं आणि न येणारी मुलं यांची तुलना करायचा मोह होतो, मलाही व्हायचा. जो मुलगा ८० टक्के हजर आहे त्याच्या घरी बहुधा कुणीतरी त्याला उठवून पाठवतं, आणि त्याच्या वाचनात त्या घराचाही वाटा आहे. तक्ता जरूर करा, पण त्याखाली हे लिहा.

नमुन्याबद्दल. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरने तुम्हाला २४० पैकी १४८ मुलं घ्या असं सांगितलं असेल. विसरा ते. वाचनचाचणीला एका मुलामागे सहा मिनिटं धरली तर २४० मुलांचे २४ तास होतात. चौघींनी सहा-सहा तास दिले की सगळी मुलं तपासून झाली, नमुना कशाला? खरी मेख दुसरीकडे आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. तुमच्याकडे पातेली सहा आहेत. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती, तीच ताई. समजा हा सारखेपणा शून्य ते एकच्या मापावर ०.१५ इतका आहे आणि शाळेमागे ४० मुलं आहेत. मग हिशेब असा होतो: १ अधिक ३९ गुणिले ०.१५, म्हणजे ६.८५. तुमची २४० मुलं या हिशेबाने ३५ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती देतात. त्यामुळे टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन घरं लिहू नका. सहा शाळांचे सहा आकडे वेगवेगळे दाखवा. चार शाळांत सुधारणा आणि दोनांत काहीच नाही, हे एकत्रित सरासरीपेक्षा फार उपयोगाचं वाक्य आहे, कारण पुढचा प्रश्न लगेच येतो: त्या दोन शाळांत काय वेगळं आहे?

इथवरचं एका दमात सांगायचं तर: फंडरकडून निर्णय समजून घ्या, तक्ते कोरे काढा, आणि ज्या रकान्यासाठी तुमच्याकडे मुलं नाहीत त्यावरचा दावा करू नका. आता मोजायचं कसं.

तुमची जुलैची चाचणी २५ गुणांची लेखी आहे आणि ती त्या त्या वर्गाच्या ताईनेच घेतली आहे. दोन्ही अडचणीचं आहे. ज्याला वाचता येत नाही त्याची लेखी परीक्षा घेतली की कळतं एवढंच की त्याला शून्य मिळालं. त्याऐवजी ‘असर’च्या धर्तीची तोंडी चाचणी घ्या. ‘असर’ हे ‘प्रथम’ने २००५ मध्ये सुरू केलेलं घरोघरचं सर्वेक्षण. ते ग्रामीण भागाचं आहे, पण त्याची पद्धत कुठेही चालते. मुलाला समोर बसवून वाचायला द्यायचं आणि स्तर ठरवायचा: प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच स्तर, प्रत्येक पालकाला समजतात. ‘तुमची मुलगी जुलैत अक्षरांवर होती, आता परिच्छेद वाचते’ हे गल्लीत उभं राहून सांगता येतं. जुलैच्या उत्तरपत्रिका मात्र फेकू नका. दोन-तीन प्रश्न तरी असे असतील ज्यावरून ‘शब्द वाचता येत होते की नाही’ एवढं काढता येईल. कच्ची का होईना, बेसलाइन आहे.

आणि ताया अदलाबदल करून तपासू द्या. या शाळेच्या ताईने त्या शाळेतली मुलं तपासायची. यात कुणाच्या प्रामाणिकपणाची शंका नाही. आपण शिकवलेलं मूल अडखळलं की ओठ आपोआप हलतात, मान डोलते, ‘आठव, आठव’ म्हटलं जातं. मी स्वतः शिकवत असताना हे करायचे. चाचणी घेणाऱ्या एका ताईला मी एकदा फक्त हात मागे बांधून बसायला सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, हात बांधले तर माझंच वाचन अडतं.’ प्रत्येक शाळेतल्या सात-आठ मुलांची दुसऱ्या दिवशी वेगळ्या ताईकडून फेरचाचणी घ्या आणि दोन स्तर किती वेळा जुळले ते अहवालात लिहा.

मुंबईत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि तुमच्या भागात उर्दू, हिंदी माध्यम बरंच आहे. उर्दूतला ‘शब्द’ स्तर आणि मराठीतला ‘शब्द’ स्तर एकाच रकान्यात मिसळू नका, लिपीच वेगळी आहे. माध्यमानुसार वेगळे तक्ते करा. दुसरं, मुलं हरवतात. खोली बदलली, पुनर्वसनाच्या इमारतीत गेली, आई गावाला घेऊन गेली. जुलैत २४० आणि मार्चमध्ये १९० असतील तर गेलेली ५० जुलैत कोणत्या स्तरावर होती हे आधी बघा. जास्त करून अक्षरांवरचीच गेली असतील तर उरलेल्यांची सरासरी फुकटात वर जाईल.

आकड्यांसोबत थोड्या गोष्टीही गोळा करा, पण निवडीची पद्धत ठरवून. रिक डेव्हिस यांनी नव्वदच्या दशकात बांगलादेशात काम करताना बसवलेली एक पद्धत आहे, तिला ‘सर्वांत महत्त्वाचा बदल’ म्हणता येईल. प्रत्येक ताईने आणि काही पालकांनी एकेक बदल सांगायचा, मग टीमने एकत्र बसून त्यातला एक निवडायचा आणि का निवडला ते लिहून ठेवायचं. त्या ‘का’मध्ये खरा माल असतो. एका गटाने मूल वाचायला लागलं ही गोष्ट बाजूला ठेवून ‘मूल आता शाळेत थांबतं’ ही निवडली होती. तेव्हा आम्हाला कळलं की तायांच्या मते वर्गाचं काम काय आहे.

हुश्श. आता टूल.

माहिती गोळा करायला कोबो टूलबॉक्स घ्या. हार्वर्डच्या मानवतावादी कामाच्या केंद्रातून सुरू झालेलं, संस्थांना मोफत वापरता येणारं साधन आहे. अँड्रॉइड फोनवर नेटवर्क नसताना फॉर्म भरता येतो आणि नंतर सिग्नल मिळाला की पाठवता येतो. गुगल फॉर्मला इंटरनेट लागतं, आणि तुमच्या काही शाळांच्या तळमजल्यावर काय सिग्नल येतो हे मला माहीत आहे. फॉर्म एकाच वेळी मराठी, हिंदी, उर्दूत ठेवता येतो. ‘वय ५ ते १४ च्या बाहेर नको’, ‘आधी हा प्रश्न, मगच तो’ असे अडसर घालता येतात. ताईंकडचा सगळ्यात स्वस्त फोन मागून घ्या आणि फॉर्म त्यावर चालवून बघा, विशेषतः उर्दू, कारण ती उजवीकडून डावीकडे जाते. तुमच्या माझ्या फोनवर सगळंच चालतं. आणि २४० मुलांसाठी यापेक्षा महाग काही घेऊ नका. नंतर पैसे संपले की माहिती आत अडकते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मुलाला एक क्रमांक. शाळेचे दोन अंक, इयत्तेचा एक, मुलाचे तीन. नावावर जोडाजोड करायला गेलात तर मेलात. ‘आयेशा’ पाच प्रकारे लिहिली जाते. मराठीत तर दिसायला सारखा शब्दही आतून वेगळा असू शकतो. ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो आणि शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. आमच्या एका शीटमध्ये वयाचे आकडे काहींनी देवनागरीत टाकले होते, ते बेरजेत आलेच नाहीत आणि मुलांची सरासरी वयं बघून आम्ही दोन दिवस डोकं खाजवलं. कोबोतून उतरवलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसू शकतो. घाबरू नका, माहिती शाबूत असते. फाइल डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) निवडून उघडा किंवा आधी गुगल शीटमध्ये टाका. जुने अहवाल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर ते आधी रूपांतरित करून घ्या, नाहीतर पुण्याच्या ताईंना नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील.

एकत्र काम करण्याचं सांगायचं तर तुमची पाच माणसं म्हणजे काही विद्यापीठाचा विभाग नाही. एक सामायिक ड्राइव्ह पुरतो. त्यात मूळ माहितीचं एक फोल्डर, ज्याला फक्त एकाच व्यक्तीने हात लावायचा. बाकी सगळ्यांनी प्रतीवर काम करायचं. मूळ शीटमध्ये कुणी ‘चूक दिसली म्हणून दुरुस्त केली’ तर ती दुरुस्ती कुणाला कळत नाही. म्हणून दुरुस्त्यांची एक वेगळी शीट: तारीख, मुलाचा क्रमांक, आधी काय होतं, आता काय केलं, का, कुणी. आणि निर्णयांची एक वही, ऑनलाइनच. ‘दोन स्तरांच्या मध्ये असेल तर खालचा धरायचा, असं ठरलं.’ मार्चमध्ये अहवाल लिहिताना हे कुणालाच आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोला, भांडा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही ‘ठरलं’ असं समजू नका. जे वहीत नाही ते ठरलेलं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी पुरे.

वाचायचे लेख, जुने अहवाल एकत्र ठेवायला झोटेरो बरं. मोफत आहे, ग्रुप लायब्ररी करता येते. मुलाखतींसाठी महागडी सॉफ्टवेअर बघू नका, टॅगेट नावाचं मोफत साधन २०-२५ मुलाखतींना भरपूर झालं. त्यात मजकुरावर खुणा करून त्यांना नावं द्यायची. मात्र दोघींनी आधी त्याच तीन मुलाखती स्वतंत्रपणे तपासा आणि किती जुळतं ते बघा. इथे टक्केवारी फसवते. समजा १०० उताऱ्यांपैकी ८० वर तुमचं एकमत झालं. पण दोघीही शंभरातल्या ८० ठिकाणी ‘ही खूण लागू नाही’ असंच म्हणत असाल तर डोळे झाकूनही ६८ ठिकाणी एकमत झालं असतं. योगायोगाच्या वरचं, म्हणजे शक्य असलेल्या ३२ पैकी फक्त १२, तुम्ही कमावलेलं आहे. यालाच कोहेनचा कॅपा म्हणतात, इथे तो ०.३७५ येतो. म्हणजे खुणेची व्याख्या दोघींच्या डोक्यात वेगळी आहे, ती बसून पुन्हा लिहा.

मुलाखतींचं शब्दांकन फोनच्या बोलून-टाइप करण्यातून होतं, पण गोवंडीतली आई एका वाक्यात हिंदी, मराठी आणि गावाकडची बोली तिन्ही बोलते तेव्हा ते हात टेकतं. अर्धा तास ऐकून हाताने लिहिणं अजूनही स्वस्त पडतं. मुलांच्या नावानिशी असलेला मजकूर कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नका.

त्यावरून संमतीचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांचं पत्र म्हणजे पालकांची संमती नव्हे. अर्धं पान, त्यांच्या भाषेत, वाचून दाखवायचं: काय विचारणार, कुठे ठेवणार, नाही म्हटलं तरी वर्ग बंद होणार नाही. मग मुलालाही विचारा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या फाइलमध्ये, दोघांकडेच. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मुलांचे फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

बाहेरची एजन्सी नेमावी का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला मी नाही म्हणेन. पण बाहेरच्या माणसाचा एक उपयोग नक्की आहे. आसपासच्या समाजकार्याच्या महाविद्यालयातले चार विद्यार्थी जानेवारीत आणि मार्चमध्ये दोन-दोन दिवस फेरचाचणीला बोलवा, प्रवास आणि जेवण द्या, आणि अहवालात लिहा की स्तर त्यांनी तपासले. लेखन मात्र तुमच्याच तायांसोबत बसून करा, ज्या शाळांत सुधारणा दिसली नाही तिथलं कारण त्यांनाच माहीत असणार. दिवाळीची सुट्टी संपून पहिला आठवडा कोऱ्या तक्त्यांना द्या. काढून झाले की फोटो टाका, मी बघते. मुलांची नावं त्यात नाहीत ना, तेवढं तपासून.